अडवाईचा चढ

“धरली! आईनं गाडी धरली!”

बोरवाडीच्या चढाच्या माथ्यावर, एप्रिलच्या टळटळीत दुपारी, जीपभोवती माणसांचं कडं पडलं. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बायका हातोड्या टाकून धावत आल्या. शेरडं राखणारे म्हातारे काठ्या टेकत आले. जीपमधले उतारू तर आधीच हात जोडून उभे होते. बॉनेट उघडं होतं आणि त्याच्यासमोर अडवाईचा बाबा डोळे मिटून, दोन्ही हात वर करून डुलत होता.

“बॅटरी हा प्राण! डायनामो हा आत्मा! प्राण जाग्यावर, आत्मा जाग्यावर, मंग देह का उठंना? कारण आईनं नाडी दाबलीय! बोला, अडवाई माताकी…”

“जय!”

मागच्या बाकावर एकटी पंचशीला बसून होती. तिच्या मांडीवर नऊ महिन्यांची विशाखा. आदल्या दिवसापासून पोरीला उलट्या आणि जुलाब. सकाळपासून तिनं लघवी केली नव्हती. डोळे खोल गेले होते, टाळूवर खळगा पडला होता, आणि रडायला तोंड उघडलं तरी डोळ्यांत टिपूस येत नव्हतं. पंचशीला बोरवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा नोकरीला तिकडं हदगावला. वाट बघण्यात अर्थ नव्हता म्हणून पोरीला पदराखाली घेऊन ती मिळेल त्या जीपमध्ये बसली होती. उदगीरचा दवाखाना गाठायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बरोबर मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली होती. ती आता अर्ध्यावर आली होती.

या अडवाईचं कुळ फार जुनं नव्हतं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा रस्त्यावरचे मैलाचे दगड बदलले. दुष्काळ तेवढा जुनाच राहिला. निजामाच्या काळातला, उर्दू अक्षरांचा एक दगड मजुरांनी उपटून लिंबाखाली टाकला. कुणीतरी त्याला शेंदूर लावला. शेंदूर वाळायच्या आत हा बाबा उगवला. शेंदराखालून डोकावणारी ती अक्षरं ‘उदगीर’ एवढंच सांगत होती, पण बाबा त्यांना देवीची बीजाक्षरं म्हणायचा. चढ चढून येणारी गाडी इथं थांबते म्हणून देवीचं नाव पडलं अडवाई. रीतही पडली. माथ्यावर आलं की गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, नारळ फोडायचा आणि मगच पुढं जायचं. चालू इंजिनाची घरघर आईला सोसत नाही म्हणे. नारळ फोडून झाल्यावर कधी गाडी चालू व्हायची, कधी नाही. नाही झाली की देवीनं धरली.

जीपचा मालक-ड्रायव्हर सिद्धराम घामाघूम झाला होता. गळ्यातलं लिंग एका हातानं सावरत तो इंजिनावर वाकला होता.

“सेल्फ तर मारून राहिलाय,” तो स्वतःशीच पुटपुटला. “प्लगला ठिणगी हाय. टाकीत पेट्रोल हाय. पण वर चढंना. कार्बोरेटर कोरडा पडलाय.”

“चढंल कसं?” बाबानं लगेच उचललं. “आई चढू देईना! ॐ ऱ्हीं क्लीं कार्बोरेटराय नमः!”

पंचशीलाला हसू आलं असतं. पण पोरीनं मान टाकली आणि ती घाईनं खाली उतरली. लिंबाच्या सावलीत दगडापाशी एक घागर होती, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, काठोकाठ भरलेली.

“बाबा, वाटीभर पाणी द्या. लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवते.”

“देवीचं पाणी हाय ते. हात लावू नगं.” बाबानं डोळे उघडले आणि तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “कुठली तू? आडनाव काय?”

“सोनकांबळे. बोरवाडीच्या शाळेत बाई आहे.”

“हां!” बाबानं टाळी वाजवली, कोडं सुटल्यासारखी. “आता समजलं. म्हणून गाडी धरली. आईला विटाळ सोसत न्हाई!”

तीच माणसं थोड्या वेळापूर्वी ‘बाई, लेकरू आमच्याकडं द्या, तुमी नीट बसा’ म्हणत होती. आता ती रस्त्याकडे, शेरडांकडे, आपापल्या पायांकडे बघत होती. गुरुबसप्पा नावाचा एक अडत्या तेवढा घसा साफ करत म्हणाला, “तसं आमचं काही नाही हो. पण बाई, तुम्ही जरा लांब बसलात तर… सगळ्यांचाच खोळंबा होऊन राहिलाय.”

“मी लांब बसते,” पंचशीला म्हणाली. “गाडी निघाली की मला घेणार का?”

अडत्यानं पुन्हा घसा साफ केला.

बाबानं घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं. लाल खणाचा एक तुकडा त्यात बुडवला, कपाळाला लावला आणि मंत्र म्हणत इंजिनाच्या एका बाजूला, खालच्या अंगाला, नीट गुंडाळून ठेवला. “आईची ओटी! आता धीर धरा. आईचा राग निवला की सोडंल.”

“किती वेळ?”

“आईला घड्याळ न्हाई, बाई.”

खणातून निथळणारे पाण्याचे थेंब इंजिनाखालच्या मातीत पडत होते. पंचशीला त्या थेंबांकडे बघत राहिली. मांडीवरचं लेकरू ओठ चाटत होतं.

जीपमधली एक म्हातारी हळूच तिच्याजवळ येऊन टेकली. कोंडाबाई तिचं नाव. पलीकडच्या वाडीची.

“सबूर कर लेकी. आई सोडती. कवा जल्दी सोडती, कवा न्हाई.” म्हातारीनं पोरीच्या तळपायावर बोट फिरवलं. “माझी सून हितंच गेली. अडली होती. जीप करून उदगीरला न्हेऊलालो, तर आईनं गाडी धरली. असंच ऊन. रगत थांबंना. बाबा म्हनला, आईनं जीव मागितलाय, द्यावा लागंल. दिला. तवापास्नं अवसंला मी आईला घागर आनते. आज जीपमधनं उतरून ठिवली ती माझीच हाय. टँकरवर भांडून भरली.”

“सून गेली, आणि तुम्ही त्याच देवीला पाणी घालता, मावशी?”

“राग निवावा म्हून. दुसऱ्या कुनाची जाऊ नये.”

पंचशीला पोरीला छातीशी घेऊन उभी राहिली आणि उगाच जीपभोवती फिरली. शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. जीव टांगणीला लागला असला तरी डोकं प्रश्न विचारायचं थांबत नाही.

“सिद्धरामदादा, थंडीत कधी गाडी धरली का हिनं?”

“न्हाई.”

“सकाळच्या फेरीला?”

“न्हाई. दुपारीच.”

“आणि एसटी?”

“एसटी कवाच न्हाई.”

“सरकारी गाडीला आई माफ करती!” बाबा दगडापासून ओरडला.

“कलेक्टरला घाबरती वाटतं,” खडीवाल्यांतली एक पोरगी पुटपुटली आणि दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

“एसटी डिझेलवर चालती बाई,” सिद्धराम म्हणाला. “आनी ती हितं थांबतच न्हाई. ड्रायव्हर चालत्या गाडीतनंच नमस्कार करतो.”

पंचशीला थांबली.

“म्हणजे जी थांबत नाही, तिला धरत नाही.”

ती बॉनेटजवळ गेली. बाबानं खण गुंडाळलेली वस्तू तिनं निरखली. वाटीएवढी, टाकीकडून नळी आत येते, वर कार्बोरेटरकडे जाते. “हे काय आहे?”

“पेट्रोल पंप. टाकीतनं ओढतो, वर ढकलतो. ही दांडी हातानं मारली तरी ढकलतो.”

तिनं नळीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. बोट भाजलं होतं. खण तर केव्हाच वाळून कडक झाला होता.

दर वर्षी सातवीला ती स्पिरिटचा थेंब तळहातावर ठेवून दाखवायची. पाहता पाहता उडतो. पेट्रोलही तसंच, थोड्या उष्णतेत वाफ होणारं. पहिल्या गियरमध्ये हा चढ चढून इंजिन तापतं. चालू असतं तोवर पंखा फिरतो, वारा लागतो, टाकीतलं गार पेट्रोल नळीतून वाहत राहतं. आणि नेमकं सगळ्यात जास्त तापलेलं असताना माथ्यावर ते बंद करायचं. नारळासाठी. पंखा बंद, वारा बंद, आणि सगळी धग पंपावर. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही.

मग बाबा ओलं फडकं ठेवतो. माठ झिरपून गार होतो तसा पंप गार होतो. मंत्र पुरेसा लांबवला की गाडी सुटते. एवढाच चमत्कार. आणि इंजिनात एवढ्या वस्तू असताना बाबाचं फडकं बरोबर पंपावरच कसं पडतं?

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “देवीच्या आधी तुम्ही कुणाच्या सेवेत होता? कुठल्या गॅरेजात?”

बाबाचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. “नास्तिक! आईची परीक्षा घेतीस?”

“आईची नाही. पंपाची.” ती सिद्धरामकडे वळली. “दादा, फडकं वाळलंय. ओलं करून पुन्हा ठेवा. घागर समोर आहे.”

सिद्धरामनं घागरीकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. “बाई, मला रोज ह्याच रस्त्यानं जायचं असतंय.”

तो जागचा हलला नाही.

पंचशीलानं पिशवीत हात घातला. हाताला विशाखाचे लंगोट लागले. दुष्काळात धुवायला पाणी कुठलं? घाण झटकून, उन्हात वाळवून घडी घातलेले. आणि बाटली. अर्धी बाटली पाणी, पोरीच्या घोटाघोटाचं. हे पाणी फडक्यावर घातलं आणि गाडी निघाली नाही, तर पोरीच्या तोंडात घालायला काहीच उरणार नव्हतं. आणि घातलं नाही, तर बाबाच्या मर्जीनं आई निवेपर्यंत इथंच बसायचं.

तिनं एक घोट पोरीला पाजला. मग डोळे न मिटता बाटली दोन लंगोटांवर रिकामी केली.

“अगं, काय करूलालीस!” बाबा धावला. “हागरं फडकं! आईच्या ओटीच्या जागी!”

तिनं खण काढून टाकला आणि ओला लंगोट पंपाभोवती गुंडाळला. चर्र झालं. दुसरा ओला लंगोट नळीवर. मग पोरीला कोंडाबाईच्या ओटीत देऊन ती पदरानं वारा घालू लागली. माणसं मागं सरकली, आता वीज पडणार असल्यासारखी. वीज पडली नाही. लंगोटातून वाफ निघाली, मग निघायची थांबली. तिनं नळीला बोट लावलं. या वेळी बोट तिथं ठरलं.

“दादा, पंपाची दांडी हातानं मारून बघा.”

एवढं सिद्धरामनं केलं. दोनदा दांडी पोकळ हलली. मग तिला जोर लागायला लागला. सिद्धरामचे डोळे मोठे झाले. “चढलं! बाई, पेट्रोल चढलं!” तो उडी मारून सीटवर बसला, सेल्फ मारला. जीप खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि सुरू झाली.

कुणीच जय म्हटलं नाही.

बाबा सावरला. त्याचा धंदाच सावरण्याचा होता. “बघितलं? आई किळसून पळाली! घाणीला भिऊन पळाली!”

“हां, खरंय की,” अडत्या घाईघाईनं म्हणाला आणि जीपमध्ये चढू लागला. आणखी दोघांनी माना डोलावल्या. पंचशीलाला तेव्हा पहिल्यांदा रडावंसं वाटलं. डोळ्यांदेखत गोष्ट घडते, आणि माणसं डोळे सोडून सगळ्यावर विश्वास ठेवतात.

“बाई.” कोंडाबाई जागची हलली नव्हती. पोरगी तिच्या ओटीत होती. “गार फडकंच लागतंय व्हय?”

“हो मावशी. किंवा इंजिन बंदच करायचं नाही.”

“बंद केलं नसतं तर?”

“तर थांबलीच नसती.”

“त्या दिवशी मीच म्हनले हुते ड्रायव्हरला,” कोंडाबाई म्हणाली. आवाज सपाट होता, रिकाम्या पाटीसारखा. “त्यो थांबत नव्हता. मी म्हनले, सूनबाईच्या नावानं नारळ फोडू दे.”

जीपची घरघर तेवढी चालू होती.

म्हातारी उठली. पोरीला पंचशीलाकडे दिलं आणि सरळ लिंबाखाली गेली. बाबा आडवा आला तशी ती म्हणाली, “सर बाजूला. घागर माझी हाय.” तो सरला. तिनं घागर उचलून आणली आणि पंचशीलाच्या रिकाम्या बाटलीत पाणी ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही. जीपमध्ये ठेवलेल्या गुरुबसप्पाच्या गुळाच्या भेलीतला खडा तिनं न विचारता फोडला. खडीवालीनं भाकरीबरोबरचं चिमूटभर मीठ दिलं. पंचशीलानं मोजून-मापून ते पाण्यात विरघळवलं. पोरगी लुचूलुचू प्याली.

उदगीरच्या दवाखान्यात विशाखाला सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या मांडीवर लंगोट भिजवला आणि पंचशीलानं ते ओलं फडकं दोन्ही हातांनी गालाला लावलं. तिला जग मिळालं होतं. कोंडाबाईला काहीच मिळालं नव्हतं.

वाचणाऱ्यानं एवढं तरी ध्यानात ठेवावं. तापलेली गाडी माथ्यावर बंद करू नका. केलीच, तर बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा. लेकराला जुलाब झाले तर पाणी आधी लेकराला पाजा. दगडाला तहान लागत नाही. आणि गाडी का थांबली हे कळत नसेल तर ‘कळत नाही’ म्हणा. त्यात कमीपणा नाही. न कळलेल्याला देवीचं नाव दिलं की पुढं कुणाची तरी सून मरते.

बाबा काही दिवसांनी तिथून गेला. कुठल्या चढावर गेला, ठाऊक नाही. कोंडाबाई मात्र दुपारच्या उन्हात त्या माथ्यावर येऊन उभी राहायला लागली. गाडी दिसली की दोन्ही हात हलवून ओरडायची, “थांबू नगं! जा, जा म्होरं!” मग लोक कुजबुजायला लागले, म्हातारीच्या अंगात येतं. एका जीपवाल्यानं तर गाडी थांबवली, खाली उतरला आणि नारळ घेऊन तिच्या पायाशी वाकला.

कोंडाबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं.

“पाया पडू नगं रं, बाबा,” ती म्हणाली. “इंजन चालू ठेव.”