आरशाची जागा

"आजोबा, तुमची खोली एकाकी वाटतच नाही हो," भाचीची मुलगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

सलूनकाकांना आधी बरंच वाटलं. बायको गेली, सलून विकलं, तेव्हापासून एकट्याने राहणाऱ्या माणसाला असं प्रशस्तिपत्र रोज कोण देतो? पण पोरीचा चेहरा उतरला होता. तिच्याबरोबर आलेली दोघं, मैत्रीण चश्मिस आणि मित्र लंबू, कोपऱ्यात उभी राहून एकमेकांकडे बघत होती.

तिघांना कॉलेजसाठी गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. सरांची अट अशी, की आधी एका प्रकारची ढीगभर गाणी बघायची, त्या सगळ्यांत काय काय हटकून येतं ते शोधायचं, त्यावरून आखणी करायची आणि मगच कॅमेऱ्याला हात लावायचा. यांच्या वाट्याला दुःखी गाणी आली होती, आणि चित्रीकरण येत्या रविवारी करायचं होतं.

"आम्ही इतकी बघितली ना, रडून रडून वैताग आला," पोरगी म्हणाली. "सगळ्यांत तेच. खिडकी, गार झालेला चहा, रिकामी खुर्ची, नाहीतर एखादं म्हातारं माणूस. आणि ते बोलत नाही कधी."

"रोज तेच तेच दाखवलं तर लोकांना कंटाळा नाही येत?"

"उलट आजोबा, खिडकी दिसली की लोकांना आपोआप कळतं, आता रडायचंय."

"म्हणजे टॉवेल झटकला की गिऱ्हाईक मान पुढे करतं, तसं," काका म्हणाले, आणि तिघंही हसली. खोलीत इतक्या जणांचं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं होतं. काकांनी लगेच चहाचं आधण वाढवलं.

खिडकी होती. सलूनमधली फिरती खुर्ची तर पोरांना फारच आवडली. घोडं अडलं ते आरशावर. दुकान विकताना काकांनी तो तेवढा मागून घेतला होता. जाड लाकडी चौकटीचा, अर्धी भिंत व्यापणारा. जन्मभर ते गिऱ्हाइकाशी बोलले ते आरशातल्या चेहऱ्याशी. आताही भाजी चिरताना, रेडिओ ऐकताना त्यांची नजर तिकडेच जाई. तोंडाचा पट्टा चालू राही, आणि समोरचा माणूसही बरोबरीने बोलतोय असं वाटे.

"यात कॅमेरा दिसणार," लंबू म्हणाला. "शिवाय आजोबा एकाचे दोन दिसतात."

"मग माझ्या आजीच्या घरी करू या का?" चश्मिस हळूच म्हणाली. "तिकडे भिंतीवर काहीच नाही."

पोरं गेली तर रविवार पुन्हा नेहमीसारखाच रिकामा जाणार होता.

"आरसा काढू की!" ते घाईघाईने म्हणाले. "त्यात काय एवढं?"

रविवारी पोरांनी तो धापा टाकत उतरवला आणि तोंड भिंतीकडे करून खाली टेकवून ठेवला. काका खिडकीपाशी बसले. बसले खरे, पण जीभ गप्प बसेना.

"मनात काय आणू गं?"

"काही नाही आजोबा. आणि बोलू नका ना! ओठ हलतात."

"बरं बाई. कुलूप."

चहावर साय धरली. खोलीत चार माणसं असून कोणी बोलत नाही, हे काकांनी कधी अनुभवलंच नव्हतं. त्यांना चैन पडेना. सवयीने त्यांनी मान वळवून आरशाकडे बघितलं. तिथे आरशापुरता फिकट चौकोन होता आणि दोन खिळे.

"हेच," चश्मिस कुजबुजली. "अगदी हेच पाहिजे होतं."

मग एकच धांदल उडाली. कॅमेरा कॉलेजला परत करायचा होता. "आजोबा, आरसा उद्या येऊन लावून देतो हं," म्हणत पोरं जिना उतरली. काकांनी खिडकीतून हात हलवला.

उद्या गेला, परवाही गेला. मग एकदा पोरीचा फोन आला.

"आजोबा, आम्ही पहिले आलो! सर म्हणाले, त्या आजोबांची नजर काय खरी आहे!"

"वा वा! आता मी सिनेमात जायला मोकळा. बरं, ते आरशाचं..."

"हो हो, आम्ही येतोच. आता नाचाच्या गाण्याचं काम लागलंय ना."

"त्यात म्हातारं माणूस लागतं का?"

"नाही हो आजोबा," ती हसत म्हणाली.

शेजारच्याला हाक मारली असती तर आरसा पाच मिनिटांत वर चढला असता. शेजाऱ्याने दोनदा विचारलंही. "राहू दे, पोरं येणारेत," असं म्हणून काकांनी त्याला वाटेला लावलं. आरसा लागला तर पोरांना इकडे यायला कारण काय उरणार होतं?

सकाळी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून काका फिरत्या खुर्चीत बसले, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. बोटांनी चाचपत त्यांनी वस्तरा फिरवला. हात तयार होता. जन्मात कोणाला खरचटू दिलं नव्हतं. हनुवटीपाशी मात्र पातं लागलंच.

त्यांनी तुरटी दाबून धरली.

"फार नाही ना लागलं?" ते सवयीने म्हणाले, आणि उत्तराची वाट बघत थांबले.