तिकीट ज्याचं त्याचं

कंडक्टरबाईंनी किल्लीने चौकटीवर टकटक केली. बेल होती, पण बेलवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. निवृत्त झाल्या तरी दार असं वाजवायच्या, की आतल्याला वाटावं, बस सुटली! मागे त्यांची सून पत्रकांचा गठ्ठा सांभाळत उभी होती.

एका गृहस्थांनी दार उघडलं.

"नमस्कार दादा. आम्ही कुठल्या पक्षाच्या नाही. रविवारी मतदान आहे, तेवढं सांगायला आलोय. घरात मतदार किती?"

"एकच धरा," गृहस्थ हसले. "बाकीच्यांचं मीच ठरवतो."

आत टेबल पुसणाऱ्या त्यांच्या बायकोचा हात थांबला.

"असं कसं हो दादा?" बाईंचा आवाज जिनाभर घुमला. "माझा जन्म गेला बसमध्ये. एका तिकिटावर अख्खं कुटुंब नेता येत नाही. तिकीट ज्याचं त्याचं! ताई, पुढे या. हे पत्रक तुमचं."

ताई हात पुसत आल्या आणि त्यांनी पत्रक घेतलं.

"केंद्र किती वाजता उघडतं हो?" त्यांनी नवऱ्याकडे न बघता विचारलं.

जिना उतरताना बाई भलत्याच खुशीत होत्या.

"बघितलंस? कशी जिरवली!"

"बघितलं ना," सून म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे, आई. एवढी पत्रकं वाटून येते."

सुनेला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बढती मिळाली होती, पण दुसऱ्या शहरात. बातमी कळली तेव्हा बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "एवढ्या लांब कशाला? नाही म्हणून कळवून टाक," म्हणाल्या आणि पुढची चादर उचलली. त्यांचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. विषय तिथेच मिटला. सुनेच्या मनात मात्र तो मिटला नव्हता, आणि उद्या उत्तर द्यायचं होतं.

घरी येऊन बाई जरा टेकतात न टेकतात, तोच चौकटीवर किल्ली वाजली. टकटक.

त्यांनी दार उघडलं. बाहेर सून, ताठ उभी. हातात एकच पत्रक उरलेलं.

"नमस्कार. मी कुठल्या पक्षाची नाही," ती म्हणाली. तिने पत्रक पुढे धरलं. "या घरात मतदार किती?"

"चावट कुठली! चल, आत ये..." बाई हसल्या. मग हसणं मध्येच थांबलं. मागे मुलाने मोबाइल खाली ठेवला होता.

बाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. ही पोर आपलेच बोल आपल्याला ऐकवतेय, याचा राग आला आणि कौतुकही वाटलं. उतारूला वाट द्यावी तशा त्या दारातून बाजूला झाल्या.

"तीन," त्या म्हणाल्या. "पण आधीच सांगते, माझं मत विरोधात पडणार."

"पडू दे की," सून चपला काढत म्हणाली. "मोजणी तर होईल."