हिंमतरावांची दोरी

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा वडनेर भोलजीच्या पंचायतीत रेडिओ आला. लाकडी कपाटात रेडिओ, बाहेर कडुनिंबावर कर्णा, आणि कपाटाची किल्ली सरपंच हिंमतरावांच्या कमरेला. त्यांचं घर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. बाजारभाव लागले की कोणी यायचं, आवाज वाढवा म्हणायचं. भाषण लागलं की दुसरा यायचा, कमी करा म्हणायचा. ताटावरून उठून उठून हिंमतराव वैतागले.

सायकली दुरुस्त करणाऱ्या इंद्रभाननं त्यावर उपाय काढला. आवाजाच्या बटणाला लाकडी रीळ बसवलं, त्यावर दोरी गुंडाळली, दुसऱ्या बाजूनं दगड लोंबता सोडला. बांबूंवर गरगर फिरणाऱ्या चाकांवरून दोरी थेट सरपंचांच्या बाजेपर्यंत नेली. दोरी ओढली की रेडिओ चालू, आणखी ओढली की आवाज मोठा, सैल सोडली की दगडाच्या वजनानं बंद. शिवाय कपाटाच्या दाराला एक सुतळी बांधून तिच्या टोकाला सरपंचांच्या घरी घुंगरू अडकवलं. कोणी दार उघडलं की इकडे घुंगरू वाजणार.

हिंमतराव बाजेवर पडल्यापडल्या गावाला बातम्या ऐकवू लागले. पाहुणा आला की चहाच्या आधी दोरी दाखवायचे.

मग एका सकाळी रेडिओ आपोआप बोलू लागला. दोरी तर बाजेच्या खुराला बांधलेली, घुंगरूही गप्प. हिंमतराव धावत पंचायतीत गेले. कपाट बंद, जवळ कोणी नाही, आणि आत बाई जोरजोरात गात होती. त्यांनी किल्लीनं दार उघडून बटण फिरवलं, ते पुन्हा होतं तिथं आलं. दुपारपर्यंत आवाज हळूहळू उतरला आणि रेडिओ स्वतःच बंद झाला. असं वरचेवर होऊ लागलं. इंद्रभाननं चाकांना तेल दिलं. उपसरपंच भगवंतरावांनी कपाटाला अंगारा लावला.

शेवटी ग्रामसभेच्या दिवशी कहर झाला. कडुनिंबाखाली हिंमतराव घरपट्टी का वाढली ते समजावून सांगत होते. एवढ्यात डोक्यावरचा कर्णा गरजला की ही कीड कांद्याचा सारा रस शोषून घेते, तिचा वेळीच बंदोबस्त करावा. सभा हसून लोळली. हिंमतराव तसेच उठले आणि दोरीखालून चालत निघाले. मागे इंद्रभान, त्याच्या मागे सगळी सभा.

रुक्मिणीबाईंच्या अंगणात बांबू आखूड पडल्यामुळे दोरी हाताशी आली होती. तिच्यावर एक भलीमोठी ओली गोधडी वाळत घातलेली होती. पाणी निथळत होतं, दोरी पोटात वाकली होती, आणि तिकडे कर्णा कांद्यावर फवारणी करायला सांगत होता.

हिंमतराव म्हणाले, "काकू, हे काय करून राह्यल्या तुमी? रेडिओची दोरी हाय ते."

रुक्मिणीबाई चकित झाल्या. "रेडिओची? मले वाटलं पंचायतीनं कपडे वाळवाले वलणी बांधून देल्ली. म्या तं तुमचं नाव घेत होती बापा गावभर. म्हटलं, इतके सरपंच झाले, पन बायांचा इचार यानंच केला."

हिंमतराव रागवायला आले होते, पण हे ऐकून त्यांचा राग विरला. एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्यांनी गोधडीचं टोक नीट केलं आणि इंद्रभानला रिळावरची दोरी सोडायला सांगितली.

"पन इथची राहू दे," ते म्हणाले. "अन् बांधाले घट्ट बांध."

दुसऱ्या दिवशी बाकीच्या आळ्यांतल्या बाया पंचायतीत आल्या. रुक्मिणीबाईंनी त्यांना सारं सांगितलं होतं, आम्हालाही वलणी पाहिजे म्हणाल्या. हिंमतरावांनी आळीगणिक एकेक मंजूर केली. इंद्रभान सायकली बाजूला ठेवून बांबू रोवत हिंडू लागला. सरपंच मात्र पुन्हा संध्याकाळी अर्ध्या जेवणावरून उठून, ओल्या लुगड्यांखालून वाकत वाकत, आवाज वाढवायला जाऊ लागले. वाटेत कोणी बाई भेटली की त्यांना फारसा वैतागही यायचा नाही.