ऑर्लीनाची चाल

सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर आमचे क्लब समोरासमोर होते. इकडे मी, होझिया टार्वर, ट्रम्पेट घेऊन. तिकडे पियानोवर ऑर्लीना, सात जणांचा बँड घेऊन. उन्हाळ्यात दारं उघडी असायची. मी एखादा तुकडा वाजवला की ती तोच दुप्पट वेगाने वाजवून माझी फजिती करायची. आमचं जमलंय हे अख्ख्या रस्त्याला कळलं होतं. कबूल करायला आम्हालाच वेळ लागला.

रविवारी चर्च सुटल्यावर मी तिच्याकडे जेवायला जायचो.

"आलास का फुंक्या? हात धू आधी."

एका रविवारी, मी जेवत असताना तिने एक नवी चाल वाजवून दाखवली. "अर्धीच झालीय. मधला भाग जमत नाहीये. कुठे बोलू नकोस."

"असलं रडकं मी कशाला कुणाला सांगू?" मी म्हणालो. खरं तर माझा घास हातातच राहिला होता.

त्याच महिन्यात मला एका स्टुडिओचं बोलावणं आलं. भांडता भांडता प्रेमात पडणाऱ्या दोन वादकांचा विनोदी चित्रपट होता. पडद्यावर गोरे नट, मागे वाजवणारे आम्ही काळे. संगीत बघणारे लिंडक्विस्ट म्हणाले, "भांडण मिटतं तिथे काहीतरी हळवं हवंय. आहे तुझ्याकडे?"

माझ्याकडे काही नव्हतं. मी तिची चाल वाजवली. ती अडली होती तिथे माझ्या मनाचं घातलं. संपल्यावर बाकीच्या वादकांनी वाद्यं खाली ठेवली.

"कुणाची रे ही?" लिंडक्विस्टनी विचारलं.

"माझी," मी म्हणालो. त्यांनी कागदावर माझं नाव लिहिलं.

तिला सांगायचं मी दर रविवारी ठरवायचो आणि जेवून परत यायचो. मधला भाग तर आपलाच आहे, असं स्वतःला समजवायचो.

चित्रपट आमच्या भागात लागला, तेव्हा दुपारच्या खेळाची तिकिटं तिनेच काढली. निळी टोपी घालून आली. सगळ्यांत जास्त तीच हसत होती. "बघ रे, तुझा तो नट गाल न फुगवताच फुंकतोय."

मग ती चाल सुरू झाली. तिचं हसू थांबलं. माझ्या दंडावरचा हात तिने काढून आपल्या मांडीवर ठेवला. पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत होती. मी बुटांकडे बघत बसलो.

बाहेर उन्हात आल्यावर तिने विचारलं, "कुणाची म्हणून सांगितलंस?"

"माझी."

"मागितली असतीस तर दिली असती रे," ती म्हणाली आणि एकटीच चालू लागली. तिने चारचौघांत माझ्या थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो आणि त्याच वादकांसमोर खरं काय ते सांगितलं. लिंडक्विस्ट वैतागले. "अरे, घरातलं भांडण घरात मिटव की."

"नाव बदला," मी म्हणालो.

चाल ऑर्लीनाची आहे, मी खोटं बोललो, असं लिहून मी सही केली. त्यानंतर मला तिथून कधी बोलावणं आलं नाही.

कागद तिला नेऊन दिला. तिने तो दोनदा वाचला. "मधला भाग तुझा आहे. तेही लिहायला हवं होतंस," ती म्हणाली. ते ऐकून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. पुढाकार तिनेच घेतला. आजही आमचं बरं चाललंय, भांडणंही होतात. पण अर्धवट चाल तिने मला पुन्हा कधी ऐकवली नाही. ती पियानोवर असताना मी घरात शिरलो की तिचे हात थांबतात आणि ती विचारते, "काय खाणार?" आपण असं करतो हे तिला कळतही नसेल.

हल्ली मी फाटकाशीच मोठ्याने खोकतो, तिला हात आवरायला सवड मिळावी म्हणून.