तीन आजोबा आणि एक विहीर

सन एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या माघ महिन्यात आगाशीच्या बाजारामागील मांडवात एवढी गर्दी लोटली होती की, मुंगीलाही आत शिरण्यासाठी महाराजांची अनुज्ञा घ्यावी लागली असती. मध्यभागी भगव्या वस्त्राने झाकलेली संगणकाची पेटी आणि तिला जोडलेले तीन पडदे. पडद्यांपुढे तीन भक्त बसत, आपापल्या मृत आजोबांचे नाव टंकित करीत, आणि तिन्ही आजोबा एकाच वेळी उत्तरे लिहू लागत!

"यंत्र एक, आत्मे तीन!" यंत्रानंद महाराज गर्जले. "एका हाताने तीन पत्रे एकदम कोणी लिहील काय? बोला, विज्ञानवाले!"

सुभद्रा गर्दीतून वाट काढीत पुढे आली. तिचे थोरले दीर आत्माराम यांना आदल्या दिवशी पडद्यावरून आजोबांनी "घरची विहीर बुजवा" अशी आज्ञा केली होती, आणि त्या एका विहिरीवर तीन घरांच्या केळी नि पानवेली पाळीपाळीने पाणी घेऊन जगत होत्या. उद्या सकाळी मातीची गाडी येणार होती.

"भाऊजी, पानवेली वाळतील," ती म्हणाली.

"आजोबांच्या शब्दापुढे पानवेल काय गं?"

सुभद्रा पडद्यांकडे टक लावून पाहू लागली. अक्षरे उमटत, मधेच थबकत, पुन्हा त्याच अक्षरापासून पुढे सरकत. हे थबकणे तिच्या ओळखीचे होते. शेजारचा बेसिल मुंबईच्या एका कचेरीत असलेच यंत्र चालवी. ती त्याच्या कानाशी पुटपुटली, "बेसिल, हे आपल्या पान्याच्या पाळीवानी नाय काय?"

बेसिलचे डोळे चमकले. "वहिनी, एकट्याला किती वेळ लागतो नि तिघांना किती, मोजून बघा!"

सुभद्रा उभी राहिली. "महाराज, आधी एकट्या भाऊजींच्या आजोबांना बोलू द्या."

सर्वांसमक्ष नाही कसे म्हणणार? गर्दीने मोठ्याने आकडे मोजले. विसाला उत्तर पूर्ण झाले. मग तिसऱ्या पडद्यापुढे बेसिल बसला आणि तिघांनी एकदम विचारले. तेच उत्तर संपायला साठ आकडे लागले.

"आत्मे वेगळे, मग एकाच्या बोलण्याने दुसऱ्याची जीभ का जड होते?"

"कलियुगात आत्मे थकतात, बाई!"

"थकून निजतात, आनि उठून अर्धा राहिलेलाच शब्द पुरा करतात होय?"

एवढ्यात बेसिल ओरडला, "माझ्या आजोबांनीही विहीर बुजवायला सांगितली! पण आमच्या घरी विहीरच नाही. आम्ही वहिनींकडून पाणी नेतो!"

मांडव हशाने हादरला. बेसिलने पेटीवरचे वस्त्र ओढले. "आत काम करणारा एकच. एक घड्याळ क्षणाक्षणाला टोला देते. टोला पडला की हातातले काम अपुरे असले तरी काढून घ्यायचे, कुठे थांबलो त्याची खूण ठेवायची, पुढचे घ्यायचे. फेरी एवढी जलद की प्रत्येकाला वाटते, आपलेच चालले आहे. दोघे गप्प असले की त्यांची पाळीही तिसऱ्याला. आणि वाक्ये? ती महाराजांनी आधीच भरून ठेवलीत."

"काम स्वतःहून पाळी सोडीत नाही?" आत्मारामांनी विचारले.

"तुमी तरी सोडता काय, भाऊजी?" सुभद्रा मधेच म्हणाली. " घड्याळ दाखवूनच पाट वळवावा लागतो!"

सज्जनहो, चमत्कार दिसला की हात जोडण्यापूर्वी आकडे मोजावेत. बुद्धीचीही एक पाळी असते, ती कोणा महाराजाला देऊ नये.

दुसऱ्या दिवशी मातीची गाडी भरलेलीच परत गेली. सुभद्रेचा शेवटचा वाफा अर्धा भिजला असताना आत्माराम मनगटावरचे घड्याळ पाहत आले आणि त्यांनी पाट आपल्या केळीकडे वळवला.

"वेळ झाली," ते म्हणाले. सुभद्रेने वाफ्याच्या ओल्या कडेला काडी रोवली. उद्या तेथूनच पुढे.