पाळीचा बिल्ला

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना, तळहाताएवढा बिल्ला आहे. मला हुंगायला जाऊ नका. माझा सारा जन्म संडासाच्या वाटेवर गेला आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी सिडनीतल्या एका लोकरीच्या गिरणीसाठी मला घडवलं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी तिथे दिवसभर मागापाशी उभ्या असत. मी खिळ्यावर दिसलो तर मला घेऊन संडासला जायचं, नाही तर पाय आवळून थांबायचं. पोरी चाळीस, बिल्ला एक. मालक म्हणे, "याने माझा दोन मुकादमांचा पगार वाचवला." पोरींनी असं कौतुक कधी केलं नाही. गिरणी बंद पडली, मी जुन्या बाजारात धूळ खात पडलो. वाटलं, सुटलो.

सुटतो कसला! सिडनीतल्याच क्वेकर्स हिलजवळच्या एका सॅलड पॅकिंगच्या कारखान्याने मला शोभेसाठी विकत घेतलं आणि महिन्याभरात कामाला जुंपलं. इथल्या पोरी मात्र मास्टर्स झालेल्या. सुपरवायझर गुरुदत्त नाशिकचा. माणूस गोड, पण हातात स्टॉपवॉच. चार मिनिटांत परत.

त्यांच्यातल्या चारुताला तिसरा महिना लागला होता. ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "तू आपला माणूस म्हणून सांगते हं. मला जरा जास्त वेळा जावं लागतंय."

"अगं, नो वरीज! आपल्या माणसांना नाही सांभाळायचं तर कुणाला?"

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी डब्यातून नारळीभात आणला. त्याने दोनदा वाढून घेतला.

पुढच्या आठवड्यात तिच्या फोनवर एकही शिफ्ट आली नाही. ती विचारायला आली.

"तुझ्या भल्यासाठीच गं," गुरुदत्त म्हणाला. "या दिवसांत इतक्या गारठ्यात उभं राहायचं म्हणजे..."

"मला शिफ्ट हवी होती. काळजी घरचे करतात."

"कॅज्युअल आहेस तू, रोजंदारीवरची. माझ्या हातात काय आहे?"

स्टॉपवॉच होतं.

शेजारी सॅलड भरणाऱ्या लीनाने सगळं ऐकलं. तिलाही दिवस गेले आहेत. हे फक्त मला ठाऊक, कारण तिला उलटी झाली तेव्हा मी तिच्या मुठीत होतो. पण चारुताचं ऐकल्यापासून ती मला हात लावत नाही. शिफ्टभर पाणीच पीत नाही. काल गुरुदत्तने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, "लीनाकडून शिका!" पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवलं असेल. मला जपू नका. भट्टीत टाका, नळाची तोटी करा. आणि जरा लवकर करा. लीनाला उभं राहून सहा तास झालेत, ओठ पांढरे पडलेत.