याछिनचं बोलावणं

शुमिनचा स्वभाव मुळातच संशयी. झेंगझोऊमधल्या चष्म्याच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक पाटीवरची शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचायला लागलं, की हिला वाटे, हा पाठ करून आलाय. त्यात याछिनचं बोलावणं आलं. वर्षभर धड न बोललेली, नववर्षालाही गावाकडे न फिरकलेली मैत्रीण अचानक फोनवर आवाजी निरोप पाठवते काय आणि म्हणते काय, "शनिवार-रविवार वुहानला ये ना. एकटीच ये. महत्त्वाचं आहे, आल्यावर सांगते. आणि गावी कुणाला बोलू नकोस हं."

असं बोलावणं कुणाचं असतं, हे तिच्या पिढीत कुणाला शिकवावं लागत नाही. साखळीवाल्यांचं. जुन्या ओळखीच्या माणसाला गोड बोलून परक्या शहरात आणायचं, दाराशीच फोन काढून घ्यायचा आणि 'आपण सगळे श्रीमंत होणार' हे त्याच्या टाळक्यात शिरेपर्यंत कोंडून ठेवायचं. मग त्यानेही आपल्या ओळखीची माणसं ओढून आणायची. गावातली दोन चांगली शिकलेली पोरं अशीच गेली होती.

तरी शुमिन निघाली. शाळेच्या वसतिगृहात थंडीच्या दिवसांत दोघी एकाच रजईत झोपल्या होत्या. याछिन खरंच अडकली असेल तर तिला कोण सोडवणार? आणि अडकली नसेल, उलट तीच आपल्याला अडकवायला बसली असेल तर? गाडीत शेजारचा माणूस नळाच्या गरम पाण्यात नूडल्स भिजवून भुरके मारत होता आणि शुमिन हेच दोन प्रश्न आलटून पालटून चघळत होती. वाटेत शिनयांग लागलं, दोघींचं गाव. याछिनचा थोरला भाऊ खाईशेंग तिथेच चहापत्तीचं दुकान चालवायचा. उतरून त्याला सांगावं, असं मनात आलं, तोवर गाडी सुटली.

वुहानला याछिन घ्यायला आलीच नव्हती. तिच्या जागी एक जाडजूड बाई, हातात भाजीची पिशवी, फोनवर मोठ्या अक्षरात 'शुमिन' लिहून उभी होती.

"मी पेंग. याछिनने पाठवलंय."

"ती का नाही आली?"

"तिला बाहेर पडायची परवानगी नाही."

"कुणाची परवानगी?"

"माझी," असं म्हणून बाई खुदकन हसली.

मेट्रोत शुमिनने सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात किती जण असता?"

"सध्या तिघं. तू आलीस, बरं झालं बाई. तुझ्यावाचून उद्याचं सगळं अडलं होतं."

"उद्या काय आहे?"

"ते तीच सांगेल. मला बोलायला बंदी आहे."

आता संशयाला जागाच उरली नव्हती. लिफ्टमध्ये शुमिनने बाईकडे पाठ केली आणि खाईशेंगला निरोप पाठवला: 'याछिनला साखळीवाल्यांनी धरलंय. हा पत्ता. लगेच निघ.'

दारात बाईचा आवाज बदलला. "बूट तिकडे. कोट काढ. हात धू, साबणाने. आणि फोन या टोपलीत."

"फोन कशाला?"

"आत फोन चालत नाही."

"नाही दिला तर?"

"तर आल्या पावली परत जा."

शुमिनने फोन टोपलीत टाकला, पण घराच्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. आतल्या खोलीच्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावलेल्या, जाड पडदे ओढलेले. पलंगावर याछिन बसली होती. कपाळापर्यंत लोकरीची टोपी, तेलकट केस, सुजलेला चेहरा.

शुमिनने तिचं मनगट पकडलं. "ऊठ. बूट घाल. बघू कोण अडवतं ते."

"अगं, दार लाव आधी, वारा येतोय," याछिन म्हणाली. तेवढ्यात तिच्या शेजारची रजई शिंकली.

शुमिनच्या हातातून किल्ल्या खाली पडल्या. रजईत एक लालबुंद, टकलं बाळ होतं.

"मुलगी आहे," याछिन म्हणाली. "बाप विचारू नकोस. त्याचं घर आधीच भरलेलं होतं, ते मला उशिरा कळलं. आईला तर काहीच ठाऊक नाही. कळलं तर म्हणेल, मला मुलगीच नव्हती."

"आणि ही बाई?"

"पेंग मावशी. बाळंतपणाला ठेवलीय. महिनाभर ना वारा, ना फोन, ना अंघोळ. तुला निरोप पाठवायला तेवढा कसाबसा मागून घेतला. तुरुंगातसुद्धा बरं असेल." ती हसली. "उद्या महिना भरतो. माहेरच्या माणसाने येऊन बाळंतिणीला न् बाळाला बाहेर न्यायचं असतं. मला माहेर कुठलं? म्हणून तुला बोलावलं."

शुमिनला तोंड लपवावंसं वाटलं. पण लपवून भागणार नव्हतं. "मी खाईशेंगला कळवलंय. तुला साखळीवाल्यांनी धरलंय म्हणून."

याछिनने टोपी कपाळावरून मागे सारली. "तुला वाटलं, मी तुला फसवायला बोलावलं?"

"हो," शुमिन म्हणाली.

याछिनने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाळंतिणीने रडायचं नाही," पेंग मावशी दारातून ओरडली. "महिनाभर जपलेले डोळे आज घालवशील. आणि शुमिन, हा तुझा फोन धर गं, मघापासून नुसता किंचाळतोय."

खाईशेंगचा निरोप होता: 'आई आणि मी स्टेशनच्या वाटेवर आहोत. ती घरातल्या चपलांवरच निघाली. सारखी रडतेय. तिकडे काय चाललंय ते सांग.'

"गैरसमज झाला म्हणून कळवते," शुमिन घाईघाईने म्हणाली. "वाटेतूनच परत फिरतील."

याछिनने वळून तिचा हात धरला. "नको. नात बघायला ती आली नसती. मुलीला सोडवायला येतेय, तर येऊ दे."

"आणि इथे आल्यावर?"

"आल्यावर तिचं ती बघेल. इथून तिला हाकलणारं तर कुणी नाही ना."

शुमिन जपून लिहायला लागली. आणखी एका खोट्याची तिची तयारी नव्हती. लिहून झाल्यावर तिने हळू आवाजात वाचून दाखवलं: "खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्यात. माझा फोन काढून घेतला होता. याछिनला बाहेर पडू देत नाहीत. लवकर या."

याछिनने बाळाला छातीशी घेतलं.

"अजून एक घाल," ती म्हणाली. "याछिन आईची वाट बघतेय, असं लिही."

शुमिनने तेही लिहिलं आणि निरोप पाठवला.